आ-७चा रंग

१४ मे २०२४, मंगळवार

आज सकाळी सव्वाअकराला फ्लास्कमधलं पाणी तपकिरी झालं.

तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण पुढे वाद झाला तर हीच वही कामी येईल. १९८६ साली माझ्या प्रबंधातला तक्ता माझ्या मार्गदर्शकांनी स्वतःच्या नावावर छापला, तेव्हा माझ्याकडे दाखवायला अशी वही नव्हती. पीएच.डी. तिथेच राहिली. एकोणतीस वर्षं आरमोरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझ्यामागून आलेले तिघे माझ्यापुढे गेले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि घरामागची धानाची खोली रिकामी करून तिथे प्रयोगशाळा मांडली.

बुरशी आमच्याच धानाच्या बांधीतल्या कुजलेल्या तणसाच्या ढिगावरची. हिरवट काळी, मखमलीसारखी. सातव्या नमुन्यात मिळाली म्हणून आ-७. आ म्हणजे आरमोरी.

काम असं: बुरशी बटाटा-साखरेच्या पाण्यात आठ दिवस वाढवायची, ते पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं. बुरशीने पाण्यात सोडलेली द्रव्यं त्या क्षारातली चांदी मोकळी करतात. कण इतके बारीक, की दिसत नाहीत. फक्त पाण्याला रंग येतो. असलं पाणी धानाच्या कडाकरपा रोगावर चालतं, असं मोठ्या प्रयोगशाळांतून दिसलं आहे. त्यांच्याकडे यंत्रं आहेत. माझ्याकडे प्रेशर कुकर आणि चार फ्लास्क.

टेबलावर सुगंधाबाईने वाळवणाच्या कुरोड्या पसरून ठेवल्या होत्या, म्हणून फ्लास्क खिडकीत ठेवला. तुलनेसाठी नुसतं क्षाराचं पाणी कपाटात. ते काचेसारखं स्वच्छ राहिलं. फरक स्पष्ट आहे.

सुगंधाबाई वीस वर्षं माझा स्वयंपाक करते, त्यामुळे तोंड बरंच सुटलेलं आहे. म्हणाली, "बाई, पोळीले बुरशी आली तं तुम्ही मले बोलता, अन् बाटलीत आली तं फोटो काढता."

२३ मे

प्रवीण निकुरे येऊन गेला. माझा विद्यार्थी. पहिल्या वर्षी नापास होता होता वाचला होता, आता डॉक्टर आहे, विद्यापीठात विभाग सांभाळतो. फ्लास्क उजेडात धरून पाहिला. म्हणाला, मॅडम, एकदा आलं म्हणजे आलं असं नाही, तीन वेळा यायला हवं. मीच त्याला हे शिकवलं होतं.

त्याच्या प्रकल्पात संशोधन सहायकाची एक जागा आहे, तीन वर्षांची. डिसेंबरात चंद्रपूरला परिसंवाद आहे. माझ्या हाताखाली एखाद्या विद्यार्थ्याने हे काम पक्कं करून तिथे मांडलं, तर ती जागा त्याला द्यायची त्याची तयारी आहे. निबंधावर माझं नावही राहील. 'नावही'तला 'ही' म्हणताना त्याने हात असा हलवला, जणू प्रसाद वाटतो आहे.

मी रंजीता उसेंडीचं नाव सांगितलं. धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातल्या गावची. एम.एस्सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण. सध्या बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि मागच्याच खोलीत राहते. बापाने, इसरूने, या दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे: नोकरी, नाही तर लग्न. पोरगी कष्टाळू आहे. अक्षर चांगलं.

१८ जून

रंजीता आजपासून येऊ लागली. नियम सांगितले. नऊ म्हणजे नऊ. केस बांधून. मोबाईल बाहेर. फ्लास्क साबणाने तीनदा, साध्या पाण्याने तीनदा, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा.

पावसामुळे खिडकी लावली आहे, शिवाय पुस्तकातही अंधारात ठेवा असंच आहे. म्हणून दोन्ही फ्लास्क आता कपाटात. रंजीताने विचारलं, मे महिन्यात एक खिडकीत आणि एक कपाटात काऊन होता? मी म्हटलं, आधी हात चालव, मग तोंड. पहिल्याच दिवशी शिक्षकाची चूक शोधणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

१ जुलै

रंग नाही. दुसरी खेप. फ्लास्क नीट धुतले जात नसणार.

परवा डोळे दाखवायला नागपूरला जाते. दोन दिवस खोली तिच्या भरवशावर.

५ जुलै

काल रात्रीच्या बसने परतले. डोळ्यांत औषध घातल्याने आज सगळं धूसर दिसतं आहे. रंजीता सकाळीच दारात उभी. मॅडम, काही सांगायचं होतं, आ-७चं. हातात कागद होते. मी विचारलं, रंग आला का? ती म्हणाली, तसं नाही, पण मले वाटते की. मी तिथेच थांबवलं. कारणं नको, रंग आण. ती कागद घेऊन फ्लास्क धुवायला गेली.

मला आमच्या सरांसमोर असं अर्धं वाक्य बोलायची हिंमत नव्हती. हल्लीच्या मुलांना ती आहे, आणि वाक्य मात्र अर्धंच असतं.

८ जुलै

आज स्पष्ट सांगितलं. शुक्रवारपर्यंत रंग दिसला नाही तर प्रवीणला दुसरं नाव कळवते. रडली नाही. रडणाऱ्या मुली मला आवडत नाहीत, त्या दृष्टीने बरी आहे.

१२ जुलै, शुक्रवार

आला!

दुपारी दोन वाजता कपाट उघडलं. आ-७चा फ्लास्क तपकिरी, मे महिन्यातल्यापेक्षाही गडद. बाजूचा स्वच्छ. रंजीता भिंतीला टेकून उभी होती. मी तिला शाबासकी दिली नाही, पण सुगंधाबाईला चहा करायला सांगितलं.

चहा नाही. पत्तीचा डबा रिकामा. सुगंधाबाई म्हणाली, तुमच्या पोरीनं उकळून उकळून संपवली, अन् आता मागच्या आंगणात हिरडे कुटून राह्यली. खोकला हाये म्हणते. मी तर एकदा खोकताना ऐकली नाई.

थोडा धाक असल्याशिवाय काम होत नाही, हे पुन्हा सिद्ध झालं.

२६ जुलै

दुसरी खेप. रंग. चार दिवस पुराने रस्ते बंद होते, पण हिचं काम बंद नव्हतं.

१६ ऑगस्ट

तिसरी खेप. रंग. प्रवीणला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन मॅडम. मी म्हटलं, अभिनंदन डिसेंबरात कर.

७ सप्टेंबर

पोळा आणि गावचं नवं खाणं म्हणून रंजीता दहा दिवस नाही. त्यांच्याकडे नवं धान देवाला दिल्याशिवाय खात नाहीत, त्यामुळे अडवता आलं नाही. मी स्वतः एक खेप लावली. रंग नाही. क्षाराची बाटली जुनी झाली असावी. माझे हातही आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत, हे मान्य केलं पाहिजे.

१९ सप्टेंबर

तपकिरी पाण्याची बाटली प्रवीणकडे पाठवली होती, तिचा निकाल आला. यंत्राने चांदीचे कण दाखवले. लहान, गोल, एकसारखे. तो म्हणाला, इतके एकसारखे कण आमच्याकडेही येत नाहीत. हे वाक्य मी त्याला फोनवर पुन्हा म्हणायला लावलं.

आता त्याला जिवंत बुरशी हवी आहे. परिसंवादाआधी त्याच्या प्रयोगशाळेत एकदा करून पाहणं आवश्यक आहे म्हणे. मी विचार करून सांगते म्हटलं. १९८६ विसरलेले नाही.

४ ऑक्टोबर

रंजीताला प्रवीणची मागणी सांगितली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, मॅडम, नका पाठवू. मी कारण विचारलं तर धुतलेलेच फ्लास्क पुन्हा धुवायला घेतले.

मला बरं वाटलं. माझं कोणी चोरेल याची भीती माझ्याशिवाय आणखी एकाला आहे, हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. तिला म्हटलं, घाबरू नकोस, निबंधावर माझ्यानंतर लगेच तुझंच नाव येईल, बाकी कोणाचं नाही. आपलं जुनं फाउंटन पेन तिला दिलं. तिने ते घेतलं, पण बराच वेळ हातातच धरून होती.

१० ऑक्टोबर

शेवटी आ-७ची एक नळी पाठवली. नाही पाठवली तर जागा जाईल, असं प्रवीणने सरळच सांगितलं. नळीवर माझं नाव, तारीख, सही. रंजीता म्हणाली, मीच नेऊन देते, अन् तिथं मीच करून दाखवते. मी म्हटलं, गरज नाही, कुरिअर आहे.

२८ ऑक्टोबर

प्रवीणचा फोन. आ-७ने काही होत नाही. तीन वेळा करून पाहिलं, त्याच्या स्वच्छ, अंधाऱ्या, वातानुकूलित खोलीत. तीनही वेळा पाणी जसंच्या तसं.

खोटं बोलतो आहे. बुरशी निकामी म्हणायची, मला गप्प बसवायचं आणि वर्षभराने तीच दुसऱ्या नावाने काढायची. ही रीत मला ठाऊक आहे.

रंजीता दिवाळीसाठी गावाला गेली आहे. मीच बारा फ्लास्क लावते. नवीन क्षार, नवीन डिस्टिल्ड पाणी. बारा तपकिरी फ्लास्कांचा फोटो त्याला पाठवीन.

८ नोव्हेंबर

बारापैकी एकही नाही.

९ नोव्हेंबर

रंजीता नेमकं किती वेळ ठेवत होती ते पाहावं म्हणून तिच्या खणात तिच्या नोंदी शोधल्या. मी दिलेल्या कच्च्या वहीखाली दुसरी वही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. पिशवी झेरॉक्सच्या दुकानाची.

जे वाचलं ते इथे उतरवते.

"४ जुलै. मॅडम नागपूरला. ऊन चांगलं. १) आ-७चं पाणी + क्षार, खिडकीत: तीन तासांत रंग. २) आ-७चं पाणी + क्षार, कपाटात: रंग नाही. ३) नुसतं बटाटा-साखरेचं पाणी + क्षार, बुरशी अजिबात नाही, खिडकीत: तीन तासांत रंग. ४) तेच कपाटात: रंग नाही. म्हणजे रंग उन्हामुळे. आ-७मुळे नाही. उद्या मॅडमला सांगणे."

पुढच्या पानावर:

"९ जुलै. चहा: रंग येतो, वास लपत नाही. आवळा: फिका. हिरड्याचा काढा, पाच थेंब: वीस मिनिटांत रंग, अंधारातही, वास नाही."

मग पन्नासेक पानं. थेंब, तापमान, वेळ, रंगाची छटा. प्रत्येक खेपेला तुलनेचे तीन-तीन फ्लास्क. कुठे खाडाखोड नाही. शेवटची वीस पानं माझ्या पेनाने लिहिलेली आहेत.

एकोणतीस वर्षांत इतकी नीट वही माझ्या एकाही विद्यार्थ्याने लिहिली नाही. मी तरी लिहिली का, ते पाहायला माझी वही उघडली. १४ मेचं पान वाचलं आणि मिटली.

१२ नोव्हेंबर

रंजीता गावाहून आली. वही तिच्यासमोर टेबलावर ठेवली. ती बसली नाही.

मी विचारलं, "केव्हापासून?"

"बारा जुलैपासून."

"आणि चार तारखेलाच तुला सगळं कळलं होतं."

"हो मॅडम. पाच तारखेले सांगाले आली होती. तुम्ही म्हणाल्या, कारणं नको, रंग आण." वहीकडे पाहून म्हणाली, "आणला."

"खोटा आणलास."

"रंग खोटा नव्हता. चांदीच होती, सरच्या यंत्रावर आली ना. फक्त आ-७ची नव्हती." मग ती भराभर बोलू लागली. तिने हे मनात घोळवलं होतं, ते कळत होतं. "मॅडम, आपण खरं सांगू. बुरशीनं नाई झालं, हिरड्यानं झालं. किती थेंब, किती वेळ, सगळं वहीत आहे. सरसमोर अंधारात करून दाखवते. नाव तुमचंच पहिलं टाका. मले ते जागा पाहिजे फक्त. घरी आता लोक पाहाले येऊन राह्यले."

मी म्हटलं, झाडपाला उकळून चांदी आणणारे शंभर आहेत. त्यात काय नवीन?

"बुरशीनं आणणारे पण शंभर आहेतच ना, मॅडम," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. तक्त्यातला एखादा आकडा चुकला तर दाखवावा, तसं.

मी तिला जायला सांगितलं. तिने वहीकडे हात केला. मी वहीवर हात ठेवला. खोली माझी, रसायनं माझी, वही इथेच राहील. पेन तिने खिशातून काढून टेबलावर ठेवलं, आणि दार आवाज न करता लावून गेली.

सुगंधाबाई दारातून पाहत होती. म्हणाली, "तुम्ही तिले कधी पुरं बोलू देलं, बाई?" उद्यापासून चारऐवजी पाचला ये, एवढंच मी तिला सांगितलं.

१५ नोव्हेंबर

प्रवीणला पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. शेवटचा असा:

"माझ्या प्रयोगशाळेतील जुलै ते ऑक्टोबरमधील नमुन्यांत विद्यार्थिनी रंजीता उसेंडी हिने माझ्या नकळत हिरड्याचा काढा मिसळला होता, असे मला तिच्या हस्ताक्षरातील नोंदींवरून दिसून आले. तिने ते मान्य केले आहे. मे महिन्यातील प्राथमिक निरीक्षणाची पुनरावृत्ती होऊ शकलेली नाही. सबब मी हे काम मागे घेत आहे."

एकेक वाक्य तपासलं. एकही खोटं नाही.

सोबत तिच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, ९ जुलैपासून पुढच्या. ४ जुलैचं पान जोडलं नाही. त्या पानाचा भेसळीशी संबंध नाही.

प्रती काढायला बसस्टँडजवळ न जाता पोस्टाशेजारच्या दुकानात गेले. तिथे पानाला एक रुपया जास्त घेतात.

२२ नोव्हेंबर

प्रवीणचं उत्तर. जागा त्याने बल्लारपूरच्या एका मुलाला दिली. रंजीताचं नाव विभागाच्या यादीतून काढलं आहे, पुढे कुठेही शिफारस होणार नाही. विषय तिथेच मिटवला असता, पण माझ्या पत्राचा त्याच्यावर फार परिणाम झाला आहे. आपल्याच प्रयोगशाळेतली लबाडी स्वतः होऊन उघड करणारे शिक्षक आज कुठे आहेत, असं त्याने लिहिलं आहे. परिसंवादात माझा सत्कार करायचं ठरलं आहे.

मी नको म्हणून कळवणार होते. पत्र दोनदा हातात घेतलं. मग वाटलं, नको म्हटलं तर तो कारण विचारील.

३० नोव्हेंबर

भाजी निवडता निवडता सुगंधाबाई म्हणाली, तुमची पोरगी कोरपन्याले गेली. लग्नाले नाही म्हणाली अन् मामाकडे जाऊन बसली. कापसाच्या जिनिंगात लागली आहे, गाड्या येतात त्याचं वजन लिहाले. "अक्षर चांगलं आहे म्हणून ठेवली म्हणे."

मी काही विचारलं नव्हतं. पत्ता मात्र लिहून घेतला. कशासाठी ते ठरवलेलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

पहाटेच्या बसने चंद्रपूरला गेले. सभागृह भरलेलं होतं. प्रवीणने माझी ओळख करून दिली: प्राध्यापक वत्सला दोनाडकर, चार दशकं विज्ञानाशी इमान राखलेल्या. विद्यार्थिनीचं नाव त्याने घेतलं नाही, 'एक विद्यार्थिनी' म्हणाला. मोठेपणा दाखवल्यासारखा. टाळ्या बराच वेळ चालल्या. शाल दिली. नारळाऐवजी हल्ली कुंडीतलं रोप देतात, ते दिलं.

दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नोंदींबद्दल बोलले. तारीख लिहा, वेळ लिहा, जे दिसलं तेच लिहा, तुलनेचा फ्लास्क सगळ्या बाबतींत सारखा ठेवा. आवाज एकदाही कापला नाही. एकोणतीस वर्षांची सवय आहे.

नंतर प्रश्न. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. सावळी, दोन वेण्या, मांडीवर वही. विचारलं, "मॅडम, त्या ताईचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "कल्पना नाही."

कोरपन्याचा पत्ता तेव्हा माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर होती. या वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते.

प्रवीणने माईक घेऊन जेवणाची घोषणा केली. सगळे उठले. ती मुलगी उठली नाही. मान खाली घालून माझं उत्तर ती वहीत लिहून घेत होती.